सात पिढ्यांची सही

१

सासऱ्याच्या मरणातून झिपारला काय मिळणार होतं? पोलिसांच्या हिशेबानं, कपडे धुण्याचं एक मशीन.

ते मशीन अंगणातच उभं होतं, वरचं प्लास्टिकही काढलेलं नव्हतं. गावच्या पैशाचा हिशेब तपासायला आलेल्या बुरमाकाननं त्याला एक फेरी मारली. जिल्ह्याच्या लेखातपासणीत तिचं उभं आयुष्य गेलं होतं. माणसानं काय कमावलं हे त्याच्या तोंडाला विचारायचं नाही, अंगणाला विचारायचं, ही तिची जुनी सवय.

"हप्त्यावर घेतलेलं दिसतं," ती फाटकाशी बसलेल्या शिपायाला म्हणाली. "लाच खाऊन वर हप्ते भरणारी गुन्हेगार मी पहिल्यांदाच बघतेय."

"एजे," थोरल्या बहिणीला हाक मारावी तसं शिपाई म्हणाला, "मला काय विचारता? उद्या सकाळी जीप येणार, बाईला आणि तान्ह्या मुलीला घेऊन जाणार, एवढंच मला ठाऊक."

अंगणाच्या मधोमध सुतकाचा तंबू होता. आत बायका भिंतीकडे तोंड करून हेल काढत होत्या. बाहेर थोरला मुलगा दोरोनबेक कमरेला दुपट्टा बांधून, काठीवर ओणवा होऊन रडत होता. रीतच तशी आहे. पाहुणा फाटकात दिसला की मुलानं काठीवर भार टाकून हंबरडा फोडायचा. दोरोनबेकचा हंबरडा चांगला दणकट होता. काठी मात्र साधीच, जर्दाळूच्या लाकडाची, मुठीशी झिजून काळीभोर झालेली.

"बाबा गं! माझा डोंगर गेला गं!" बुरमाकानला पाहून तो ओरडला, आणि लगेच खालच्या आवाजात म्हणाला, "एजे, बरं झालं आलात. त्या बाईला आमच्या घरातून लवकर हलवा. आमची आई, आपा, तिच्या हातचा चहा पितेय, मला बघवत नाही."

मेलेला माणूस मातकेरिम अक्सकाल. आक-जिल्गा गावच्या वडीलधाऱ्यांचा मुख्य, आणि साखळीतली तिसरी सही त्याची.

साखळी म्हणजे राजधानीतून आलेलं ते ब्लॉकचेन. गावाच्या कामाचा पैसा आता तिजोरीत नसतो, साखळीत असतो. गावप्रमुख, इंजिनियर आणि गावातर्फे अक्सकाल अशा तीन सह्या पडल्या आणि आठवडाभरात सही करणाऱ्यांपैकी कुणी हरकत घेतली नाही, की पैसा आपोआप ठेकेदाराकडे जातो. एकदा पडलेली नोंद कुणाच्या बापाला खोडता येत नाही. चाळीस गावांच्या यंत्रांत तिच्या नकला असतात आणि दुकानातल्या टीव्हीवर ती अख्ख्या गावाला दिसते.

घळीतून दर वसंतात चिखलाचा लोंढा येतो. त्याला अडवायला यंदा भिंत बांधली होती. दोन सह्या कधीच्या पडल्या होत्या, अक्सकाल मात्र अडून बसला होता. "आत लोखंड आहे हे डोळ्यांनी बघेन, मगच सही."

गुरुवारी दुपारी त्याची सही पडली. शुक्रवारी सकाळी त्यानं ती दुकानातल्या टीव्हीवर पाहिली आणि ओरडला, "ही मी केलेली नाही!" शनिवारी तो घळीत मेलेला सापडला.

हरकत घ्यायची राहूनच गेली. आठवडा भरला आणि पैसा गेला.

२

झिपार आतल्या खोलीत मुलीला पाजत बसली होती. ती या घरची धाकटी सून आणि गाव कार्यालयातली कारकूनही. नवरा रशियात बांधकामावर होता.

"टॅबलेट तुझ्या ताब्यातला?" बुरमाकाननं विचारलं.

"हो, एजे. दर गुरुवारी घरी आणायचे. बाबांचा गुडघा धरलेला, कार्यालयाच्या पायऱ्या चढवत नव्हत्या. बिलं घरीच वाचून दाखवायची मी."

"आणि त्या गुरुवारी?"

"बाबा धाकट्या काकांकडे चहाला गेलेले. टॅबलेट फळीवर ठेवला आणि मी गोठ्यात गेले. गाय अडली होती. परत आले तर टॅबलेट फळीवरच होता."

"गोठ्यात तुला कुणी पाहिलं?"

"गाईनं."

बुरमाकानला हसू आलं, पण पोरीच्या डोळ्यांत हसण्यासारखं काही नव्हतं.

"घरात कोण होतं?"

"आपा होत्या. मृतांच्या नावानं रोट्या तळत होत्या, दर गुरुवारच्या. थोरले भाऊजी आले असतील, त्या दिवशी ते वास घ्यायला येतातच. मी पाहिलं नाही." ती थोडी थांबली. "त्या दिवशी आपांनी तेल दोनदा तापवलं. मी विचारलं, पहिल्या रोट्या करपल्या का? तर काही बोलल्या नाहीत. पहिला घाणा अख्खा कुत्र्यापुढे टाकलेला, चांगला सोनेरी."

बुरमाकाननं ते मनाच्या एका कोपऱ्यात टाकून ठेवलं. कशाच्या खात्यावर मांडायचं ते अजून कळत नव्हतं.

"शुक्रवारी बाबा घरातून निघाले कसे?"

"काठी आपटत. दुकानात तर गल्ल्यावर अशी हाणली की काच तडकली. मला म्हणाले, भिंतीचा तुकडा हातानं मोडून आणतो, तो कार्यालयात टेबलावर ठेवतो आणि मग हरकत लिही माझी." तिनं मुलीला दुसऱ्या कुशीवर घेतलं. "मी त्यांना एकट्यानं जाऊ दिलं, एजे. एवढा एक गुन्हा माझा आहे, तो लिहून घ्या."

३

गावप्रमुख तुर्दुमामात हा गोल चेहऱ्याचा आणि त्याहून गोल बोलण्याचा माणूस. त्यानं बुरमाकानपुढे बेदाणे ठेवले, अक्रोड ठेवले आणि साखळीची स्तुतीही ठेवली.

"साखळी खोटं बोलत नाही, एजे."

"नाही बोलत. पण तिच्या कानात सांगितलेलं खोटं मुकाट गिळते. भिंत बघायला तू कितीदा गेलास?"

"इंजिनियरनं सही केली, म्हणून मी केली."

"आणि इंजिनियरनं?"

"मी केली म्हणून." तुर्दुमामातला स्वतःचं वाक्य ऐकू आलं असावं. त्यानं एक अक्रोड उगाच फोडला.

"बरं. अक्सकालची सही पडते कशी ते सांग."

"आवाजानं. त्यांना अक्षर दिसत नव्हतं. यंत्र सात गुप्त शब्द विचारतं, एकेक करून. सातही जुळले की सही पडते. आवाज साठवत नाही, नुसते शब्द जुळवतं. राजधानीतून एक पोरगी शिकवायला आली होती. म्हणाली, जन्मात विसरणार नाही आणि परक्याला ठाऊक नसतील असे सात शब्द निवडा."

"आणि अक्सकालनं कोणते निवडले?"

तुर्दुमामात अक्रोडाची टरफलं गोळा करू लागला. बुरमाकाननं त्याच्याकडे नीट पाहिलं, आणि ती मागे रेलली.

"नाही ना रे! सात पिढ्या?"

"सगळ्यांनीच, एजे. गावातल्या झाडून सगळ्या म्हाताऱ्यांनी. जन्मात विसरणार नाही म्हटल्यावर दुसरं काय निवडणार? बापापासून मागे सात पूर्वज मूल बोलायला लागलं की पाठ करतं."

"आणि परक्याला ठाऊक नसतील?"

"परक्याला नाहीतच की ठाऊक." तो खाली मान घालून म्हणाला. "आपल्यातलंच कुणी चोरेल, हे कुणाच्या मनात आलं नाही."

"तू त्यांची सात नावं सांग बघू."

"मी दुसऱ्या कुळीचा. दोन सांगेन, तिसऱ्याला अडकेन."

तेवढ्यात जिल्ह्यातून यंत्रवाल्या माणसाचा फोन आला. त्या गुरुवारी सही कशी पडली, हे बुरमाकाननं सकाळीच त्याला विचारून ठेवलं होतं. ती ऐकत राहिली, आणि तिचा अक्रोड हातातच राहिला.

"पुन्हा सांग," ती म्हणाली. "पहिला प्रयत्न फसला. कुठे फसला? पहिल्याच नावाला? आणि दुसऱ्या वेळी सातही बरोबर, न अडखळता?"

फोन ठेवून ती तुर्दुमामातला म्हणाली, "सगळं येत होतं त्याला. फक्त सुरुवात चुकली."

४

मेलेल्याचा धाकटा भाऊ इस्मानाली तिला घळीकडे घेऊन गेला. भावाभावांत अक्रोडाच्या झाडांवरून वाद होता. पोलिसांच्या यादीत झिपारखालोखाल नाव त्याचंच, आणि त्याला ते माहीतही होतं.

"बोलत नव्हतो आम्ही, एजे. पण चहा पीत होतो. न बोलता चहा प्यायला दुसरं कोण सापडतं या वयात?"

वाटेत दोरोनबेकचा नवा मंगल कार्यालयाचा हॉल लागला. वरचा मजला अजून व्हायचा होता. खांबांच्या डोक्यांतून अंगठ्याएवढ्या जाड सळया आभाळाकडे उभ्या होत्या.

"श्रीमंत काम आहे," बुरमाकान म्हणाली.

"एका हिवाळ्यात उठला. पैसे कुठून विचारलं, तर म्हणाला, देवानं दिले."

घळीतली भिंत लांबून देखणी होती. एका कोपऱ्यावर दगडानं ठोकल्याच्या ताज्या खुणा होत्या, ढलपा उडाला होता. बुरमाकाननं वाकून पाहिलं. आत लोखंड नव्हतं. सिमेंटच्या पोटात विलोच्या झाडाच्या फांद्या होत्या, सालीसकट.

"त्यांनी बघितलं होतं तर," ती हळूच म्हणाली.

"इथेच सापडला मला. खाली, त्या दगडांत." इस्मानालीनं बोट दाखवलं. "पडून मेला म्हणतात. डोक्याला खोक होती, पण तेवढ्यानं नाही मेला तो. वर चढायचा प्रयत्न केला होता त्यानं. माती नखांत गेलेली, तळवे सोललेले. थंडीनं मेला, एजे. रात्रभर इथून वर चढता आलं नाही माझ्या भावाला."

"हातात काय होतं?"

"काही नाही. रिकामे हात."

"आजूबाजूला?"

"काही नाही म्हटलं ना. मीच उचलून नेलं त्याला. टोपीसुद्धा शोधून आणली."

"तुम्ही नेलंत तेव्हा दोरोनबेक कुठे होता?"

"घरी. आम्ही पोचलो तर फाटकात उभा, काठी टेकून, रडायला लागलेला."

परतताना, गाडी गावात शिरत असता, बुरमाकाननं थोरल्या भावाला म्हणावं तसं विचारलं, "इस्मानाली बाइके, तुमच्या सात पिढ्या सांगता?"

"आता?"

"आत्ता."

"तोलोबाय, बेर्दिके, जानिबेक, असानाली, चोनमुरुन, साटिके, एसेनकुल." श्वासही न घेता.

"आणि मातकेरिम अक्सकालच्या?"

"वेड लागलं का, एजे? सख्खा भाऊ माझा. त्याच्याही याच."

"म्हणजे तुमची सुरुवात चुकली नसती," ती म्हणाली. पोलिसांच्या यादीतलं एक नाव तिथेच खोडलं गेलं. उरलेलं नाव खोडण्याआधी मात्र तिला एका म्हातारीच्या तोंडापर्यंत पोचायचं होतं.

५

सकाळी जीप आली. झिपारनं मुलीला दुपट्यात गुंडाळलं होतं आणि एका पिशवीत लंगोट भरले होते. पोलीस अधिकारी घाईत होता.

"साहेब, एक चहा," बुरमाकान म्हणाली. "माझा शिक्का पडल्याशिवाय तुमचा कागद पुरा होत नाही, आणि चहाशिवाय माझा शिक्का पडत नाही."

घरातल्या सतरंजीवर सगळे बसले. दोरोनबेक काठी मांडीवर आडवी घेऊन, इस्मानाली त्याच्यासमोर, तुर्दुमामात दारापाशी. उम्सुनाय आपा, मेलेल्याची विधवा, काळ्या रुमालात, चहाच्या समोवारपाशी. आठवडाभरात तिनं कुणाशीच धड बोलणं केलं नव्हतं.

"दोरोनबेक, पाहुण्यांपुढे मुलानं कूळ सांगायचं असतं," बुरमाकान म्हणाली. "सांग बघू तुझ्या सात पिढ्या."

"ही काय शाळा आहे?"

"लेखातपासणी आहे. शाळेपेक्षा वाईट."

तो हसला आणि लहानपणापासूनच्या चालीत सुरू झाला, "मातकेरिम, तोलोबाय, बेर्दिके, जानिबेक..." आणि थांबला. कुणी अडवलं नव्हतं. आपणहून थांबला.

"थांबलास का? बरोबरच आहे. तुझी साखळी तुझ्या बापापासून सुरू होते. तुझ्या बापाची त्याच्या बापापासून. त्या गुरुवारी टॅबलेटनं पहिलं नाव विचारलं आणि कुणीतरी मातकेरिम म्हणालं. यंत्र म्हणालं, चूक. मग त्या माणसाच्या ध्यानात आलं, आणि पुढची सातही नावं घडाघडा, शेवटचंसुद्धा, बापाच्या तोंडून लहानपणापासून ऐकलेलं. दुसऱ्या कुळीचा असता तर तिसऱ्याला अडकला असता. इस्मानाली बाइके असते तर पहिल्यालाच जमलं असतं. झिपारला पाठ असती तर तिनं ती सासऱ्याची म्हणूनच पाठ केली असती, तोलोबायपासून. बापाच्या नावानं सुरुवात फक्त मुलगा करतो. एक मुलगा रशियात आहे."

अधिकाऱ्यानं कप खाली ठेवला.

"ही अटकळ आहे," दोरोनबेक म्हणाला. आवाज मात्र कालच्या हंबरड्याइतका दणकट राहिला नव्हता. "कोर्टात हसतील तुम्हाला."

"हसतील. म्हणून दुसरं विचारते. मांडीवर कुणाची काठी आहे?"

"बाबांची. बापाच्या काठीवर रडू नको का?"

"रड की. पण शुक्रवारी ती त्यांच्या हातात होती. दुकानातल्या गल्ल्याची काच अजून तडकलेली आहे. शनिवारी ते घळीत सापडले तेव्हा तिथे काठी नव्हती, आणि ती तुझ्यापाशी फाटकात उभी. गुडघा धरलेला माणूस काठीशिवाय घळीत गेला? का ती स्वतःच्या पायांनी घरी आली?"

"वाटेत पडलेली मिळाली मला."

"मग बापाला शोधायला का नाही गेलास?"

अधिकारी झिपारकडे बघत होता, दोरोनबेककडे बघत होता. लेखी काही हाती लागल्याशिवाय तो आरोपी बदलणार नव्हता, हे बुरमाकानला दिसत होतं. तिनं तोंड समोवारकडे वळवलं.

"आपा, त्या गुरुवारी तुम्ही तेल दोनदा का तापवलं?"

६

उम्सुनाय आपानं चहाचा कप भरला, तो कुणालाच दिला नाही, स्वतःपुढे ठेवला.

"आपा, तू काही बोलू नकोस," दोरोनबेक म्हणाला.

"मृतांच्या रोट्या होत्या," बुरमाकान हळूच बोलत होती. "वास जायचा तो मेलेल्यांना. अशा वेळी मागच्या खोलीत कुणी पूर्वजांची नावं घेतली, तर बाईला वाटणार, बरं झालं, मुलगा आठवण काढतोय. पण त्यात एक नाव जिवंत माणसाचं आलं. म्हणून पहिला घाणा कुत्र्याला गेला. अपशकुन काढायला दुसरा तळला. चुकतेय का मी?"

म्हातारी आपल्या मुलाकडे बघत राहिली. मग झिपारच्या मांडीवरच्या नातीकडे.

"आपा, मी तुझं पोर आहे!"

"म्हणून तर आठवडाभर गप्प बसले," ती म्हणाली. खूप दिवस न वापरलेलं दार उघडावं तसा तिचा आवाज आला. "त्याला म्हटलं मी त्या दिवशी, तोंड विसळ मेल्या, बाप जिवंत आहे तुझा. तर म्हणाला, आपा, तू रोट्या तळ. टॅबलेट हातात होता त्याच्या."

अधिकारी वही काढून पुढे सरकला. "त्यानं कोणतं नाव घेतलं, ते सांगावं लागेल, आजी. कागदावर तुमच्या तोंडचं हवं."

खोलीतल्या सगळ्यांना एकदम कळलं तो काय मागतोय ते. लग्न करून या घरात आली तेव्हापासून तिनं नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. हे, मुलांचे बाबा, आमचा म्हातारा, यांवरच संसार झाला होता. त्याच्या नावासारखं नाव असलेल्या शेजाऱ्याच्या पोरालाही ती "अरे ए" म्हणूनच हाक मारायची.

इस्मानालीनं मान खाली घातली. "वहिनी, मी सांगतो की. मी लिहून देतो."

"तू ऐकलं नाहीस. मी ऐकलं." तिनं रुमाल पुढे ओढला. "मातकेरिम म्हणाला तो. मातकेरिम."

दुसऱ्यांदा म्हणताना ती साक्ष देत नव्हती. हाक मारत होती.

दोरोनबेकनं काठी सतरंजीवर ठेवली, अगदी हळू, जणू ती तुटेल. "मी ढकललं नाही," तो म्हणाला. "ठेकेदारानं भिंतीचं लोखंड माझ्या हॉलाला दिलं, ते त्यांनी ओळखलं. भिंतीचा तुकडा काढून तो माझ्यापुढे नाचवत होते. काठी उगारली माझ्यावर. मी काठी धरली, खेचली. ते खाली गेले. म्हणाले, काठी दे रे, चढतो मी. मला वाटलं, थोडा वेळ बसू देत तिथे, डोकं थंड होईल. संध्याकाळी येऊन नेईन."

"आणि संध्याकाळी?"

"हॉलवर स्लॅब होता," तो म्हणाला.

मग तो जीपकडे निघाला. फाटकात पोचेपर्यंत एकदाही मागे वळला नाही, आणि आपाही उठली नाही.

बुरमाकाननं त्याच दिवशी साखळीत अहवाल टाकला. खोटी सही खोडता येत नव्हती. तिच्याखाली नवी ओळ पडली, वरची सही मृताची नाही म्हणून. दुकानातल्या टीव्हीवर दोन्ही ओळी दिसत राहिल्या, आणि लोक साखर घेताना त्या पुन्हा पुन्हा वाचत राहिले.

हिशेब असा लागला. तुर्दुमामातची बदली झाली, आहे त्याहून बऱ्या गावी. इंजिनियरला ताकीद मिळाली, ठेकेदार पत्त्यावर सापडला नाही. गेलेला पैसा परत आला नाही. हॉलच्या सळया जप्त झाल्या, पण सिमेंटातून सळई काढायची म्हणजे हॉल पाडायचा, आणि पाडायच्या खर्चाला तिसरी सही करायला कुणी तयार होईना. बर्फ वितळायच्या आत गावानं घळीत हातानं दगड रचले. लोंढा आला तेव्हा त्यातले निम्मे टिकले. खालच्या आळीतली चार घरं गेली. माणसं वाचली, कारण त्यांना भिंतीच्या पोटात काय आहे ते ठाऊक होतं आणि ती आधीच चढावर जाऊन बसली होती.

झिपार सुटली. मशीनचे हप्ते चालू आहेत.

गुरुवारी उम्सुनाय आपा तेल तापवते. नावं घ्यायला घरात पुरुष नाही. थोरला तुरुंगात, धाकटा रशियात, आता इस्मानालीचाही गुडघा धरला, त्याला तिथवर येववत नाही. तेव्हा ती स्वतःच घेते, मोठ्यानं, सुनेला ऐकू जाईल अशी. सुरुवात नवऱ्यापासून करते. आता ते नाव त्या यादीत बरोबर बसतं.